कावळा शिवेपर्यंत

मागच्या रविवारी फोनवर निरोप घेताना धाकटीनं विचारलं, "आजोबा असे अर्ध्या झोपेत असल्यासारखे का बोलतात?" तुमच्या बाबांनी तिच्याकडे डोळे वटारले आणि फोन घाईघाईनं बंद झाला. प्रश्नात वावगं काही नव्हतं. तुम्ही दोन वर्षांपूर्वी इथून गेलात तेव्हा आजोबा जिन्यावरून गाणं म्हणत खाली यायचे. आता भिंतीला हात लावून येतात, आणि एकेक शब्द पायरी चाचपावी तसा चाचपून बोलतात. हे कसं झालं ते तुम्हाला कळायला हवं. बाबा हे वाचून दाखवतील, शब्द अडला तर त्यांना थांबवा. मी इंग्रजी शाळेत शिकले, तुम्हाला इंग्रजीतही लिहिलं असतं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलली नाहीत.

आधी पाण्याबद्दल सांगते. आजोबांच्या हृदयाची ताकद बरीच वर्षं कमी आहे. हृदय कमी पडलं की अंगात पाणी साचतं. पावलं सुजतात, अंगठ्यानं दाबलं की खळगा तसाच राहतो, उताणं झोपलं की श्वास कोंडतो. म्हणून रोज सकाळी पाणी उतरवायची एक गोळी, आणि दिवसभराचं पिण्याचं पाणी मोजून. जेवणाच्या टेबलावर निळ्या झाकणाची एक बाटली असते, ती तुम्ही पाहिली आहे. सकाळी मी ती भरते, रात्री ती रिकामी व्हायची, त्यापलीकडे घोट नाही. दुसऱ्यांच्या घरी तहानलेल्या माणसाला पाण्याचा आग्रह करतात. आमच्या घरी मी "पुरे" म्हणत असे. उन्हाळ्यात त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मग ते एक लवंग तोंडात धरून बसायचे आणि तक्रार करायचे नाहीत. आम्ही दोघंही पाण्याला भ्यायला शिकलो होतो. उन्हाला भ्यायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. नगरला सगळा जन्म गेला, ऊन काय नवीन होतं?

आता तुमच्या आत्याआजीबद्दल. आजोबा त्यांना आक्का म्हणत, मी वन्सं म्हणे. आजोबांपेक्षा खूप मोठ्या. आई लवकर गेल्यामुळे आजोबांना त्यांनीच वाढवलं. आजोबा बँकेतून निवृत्त झाले तरी, भेटले की त्या आधी त्यांचा हात ओढून घेत आणि नखं बघत. वाढलेली असली तर, "बाळा, बायकोला येळ न्हाई व्हय रे तुझ्या?" असं माझ्याकडे बघून म्हणत. मग स्वतःच नखं काढायला बसत. साहेब म्हणवून घेणारा माणूस हात पुढे करून गुपचूप बसे.

पुणतांब्याच्या पलीकडे त्यांची वस्ती. त्यांच्या मुलानं, म्हणजे बाबांच्या आतेभावानं, नवीन घर काढलं होतं. जुनं पाडलं, नव्याचा स्लॅब राहिलेला. तेवढ्यापुरती आईसाठी एक पत्र्याची खोली उभी केली. मुलगा वाईट नव्हता. पंखा लावला होता, खाट होती, पण दुपारी वीज नसे. वन्संना साखर होती, रक्तदाब होता, आणि पंच्याऐंशीच्या पुढचं वय. अशा माणसाला घाम नीट येत नाही आणि तहानही कळत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

रोज संध्याकाळी वीज आली की त्यांचा फोन यायचा. स्पीकरवर लावलेला असल्यामुळे मलाही ऐकू येई.

"बाळा, पत्रा लई तापतोय रे. रातीचा सुदिक गार हुत न्हाई. खापरात टाकलेल्या शेंगावानी भाजतोय जीव."

"आक्का, थोडी उन्हं उतरू दे. मी गाडी घेऊन येतो तुला न्यायला. इथं कूलर आहे."

"उन्हं उतरल्याव कशाला येतो? तवा मलाबी हितं गारच वाटंल."

दोघंही हसले. आजोबा हसता हसता म्हणाले, "बरं, पिशवी भरून ठेव."

त्याच आठवड्यात एका दुपारी सून चहा घेऊन गेली तर वन्सं भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. डोक्यावर पदर घेतला होता. तो ओला करून घेतला असावा, कारण तांब्या खाली पालथा पडला होता. पण पदर केव्हाच वाळून कडक झालेला. सुनेला वाटलं डोळा लागलाय, म्हणून तिनं उठवलं नाही. चहा झाकून ठेवला.

सगळे म्हणाले, वय झालं होतं. कुणी म्हणालं, साखर होतीच. कुणी म्हणालं, सुटल्या बिचाऱ्या, अंथरुणाला खिळल्या नाहीत. ऊन हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. मी मात्र त्या रात्री आजोबांच्या छातीवर हात ठेवून निजले. उन्हानं आमच्या माणसांचा पत्ता शोधून काढलाय, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

अंत्यविधीला आम्ही पोचलो नाही. निरोप उशिरा आला, आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी उरकलं. त्यामुळे आजोबांनी ठरवून टाकलं की दहाव्याला जायचंच. मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं, पायांच्या सुजेचं केलं. ते एवढंच म्हणाले, "पिशवी भरून ठेव म्हणालो होतो मी तिला."

मी भाच्याला फोन करून वेळ विचारली. तो म्हणाला, "मामी, साडेसातला सुरू अन् नवाला मोकळं. उन्हाच्या आत तुमी जेवून गाडीत बसताल." तेव्हा मला धीर आला.

तुम्ही दहावा पाहिलेला नाही. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर भाताचे पिंड ठेवतात. कावळा येऊन पिंडाला चोच लावतो, त्याला कावळा शिवला म्हणतात. गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही, तो तृप्त झाला, असा त्याचा अर्थ. तोवर घरच्यांनी काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कावळा येईना झाला तर नातेवाईक पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतात, तुझ्या मागे अमुक करू, तमुक सांभाळू. बहुतेक वेळा तेवढ्यात कावळा येतो. आमच्याकडे शिकलेली माणसंही या वेळी घड्याळ बघत नाहीत, झाडाकडे बघतात.

मी नेहमीप्रमाणे पिशवी भरली. निळ्या झाकणाची बाटली, बर्फ घातलेला थर्मास, नॅपकिन, छत्री, कापडी टोपी, बिस्किटं, गोळ्यांची डबी. अंधारातच भाड्याची गाडी आली. गाडीत आजोबांनी रोजच्या गोळ्या एका घोटाबरोबर घेतल्या, पाणी उतरवायचीही घेतली. बिस्किट पुढे केलं तर हात मागे नेला. "आक्का जेवल्याशिवाय नाही."

घाटावर पोचलो तेव्हा हवा सुसह्य होती. गोदावरीला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. गंगा पार तळाला गेलेली, खालच्या पायऱ्यांपाशी हिरवट पाण्याचा एक पट्टा, बाकी वाळू. वर रंगीत कापडाचा मांडव, सतरंज्या, एका कडेला थंड पाण्याचे मोठे जार ओळीनं ठेवून त्यांवर ओली पोती टाकलेली. जेवणाआधी पाहुण्यांना द्यायला. मांडवातली सगळी माणसं अधूनमधून त्या पोत्यांकडे बघत होती.

महाराजांचं प्रवचन झालं ते वेळेत झालं. मग कळलं की साहेब यायचे आहेत. साहेब म्हणजे तिथले पुढारी. त्यांनी श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलल्याशिवाय पुढचं होणार नव्हतं. भाच्याला ते नको होतं, पण गावाला हवं होतं. थोड्या थोड्या वेळानं एकजण मोबाईल कानाला लावून यायचा आणि सांगायचा, "निघालेत." मग "वाटंत हायेत." तोवर माइक मोकळा नको म्हणून एकेक जण उठून बोलू लागला. प्रत्येकजण "मी जास्त वेळ घेणार नाही" म्हणाला आणि प्रत्येकानं घेतला.

माझ्या पुढे एक दात नसलेले म्हातारबाबा बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "सायेब येईस्तोवर आमचाबी दहावा हितंच उरकून घ्या म्हनावं. मांडव हाये, म्हाराज हायेत. पुन्यांदा खर्च नको."

"बाबा, तुमाला कावळा न्हाई शिवायचा," शेजारी म्हणाला. "तुमचा जीव पत्त्यात अडकलेला."

"मग ठिवा की पिंडाशेजारी पत्ते. पन डाव लावून ठिवा."

मांडवात दबलेलं हसू झालं. आजोबाही हसले. त्यांचा सदरा तेव्हा पाठीला चिकटला होता, घाम गळत होता. मी नॅपकिन दिला. थर्मासचं झाकण उघडून हळूच पुढे केला तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बघतील म्हणून नाही गं. मला नको आहे." मी झाकण लावलं. मांडवाच्या कापडातून ऊन लाल-पिवळं होऊन खाली झिरपत होतं, आणि वाळूवरून येणारा वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा यायचा. म्हाताऱ्या बायका पदरानं वारा घेत होत्या, मग त्यांचे हात थांबले. एकीला भोवळ आल्यासारखं झालं म्हणून तिला आडवं केलं. तिच्या सुनेनं तिच्या नाकाला कांदा लावला आणि "उपासानं झालं" असं सगळ्यांना सांगितलं.

साहेब आलेच नाहीत. शेवटी गुरुजींनीच आवाज चढवला आणि पिंड ठेवले.

कावळे होते. काठावरच्या उंबरावर सात-आठ तरी बसले होते. पण ते पानांच्या आत, खोडाला धरून बसलेले, चोची उघड्या, पंख अंगापासून जरा सुटे धरलेले. धापा टाकणारा कावळा मी आधी कधी पाहिला नव्हता. खाली घाटाचा दगड तव्यासारखा तापलेला, त्यावर पत्रावळ आणि पत्रावळीवर वन्संचा भात. एकही पाखरू जागचं हललं नाही.

भाचा ओल्या पंच्यानिशी, मुंडण केलेल्या डोक्यानं, हात जोडून म्हणाला, "आई, सलॅब दिवाळीच्या आत टाकतो." पंचा अंगावर वाळत आला तरी कावळा आला नाही.

"दिवाळी म्हनल्याव कावळा कसा इस्वास ठिवल?" मागून कुणीतरी म्हणालं. "मागल्या दिवाळीलाबी त्येच म्हनला हुता."

"च्या ठिवा, च्या. आक्कीला च्याबिगर हलता येत नव्हतं."

चहा ठेवला. मिश्रीची डबी ठेवली. सून डोक्यावर पदर घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या शेळ्या मी इकनार न्हाई." तरी नाही. एक म्हातारी तिला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटली, "जित्तेपनी सुनंला उपाशी ठिवलं न्हाई, आन् आता समद्या गावाला ठिवलंय." सून पदराआड रडता रडता हसली.

मग तीच म्हातारी म्हणाली, "भावाला बोलवा. भावात जीव हुता तिचा."

सगळ्या माना आजोबांकडे वळल्या. ते उठले. उठताना जरा झोकांडले, पण मला वाटलं मांडी घालून बसल्यामुळे पायाला मुंग्या आल्या असतील. चपला काढून ते उन्हात गेले. मी छत्री घेऊन मागे गेले तर त्यांनी ती हातानं बाजूला केली. मी मांडवाच्या कडेला थांबले. तिथून मला त्यांची पाठ दिसत होती. सदरा कोरडा होता. घामाच्या जागी मिठाचे पांढरे डाग उमटले होते. इतक्या उन्हात माणसाचा घाम थांबलाय, याचा अर्थ काय? मला तो अजून लागला नव्हता.

ते पिंडासमोर उभे राहिले आणि बोलू लागले. हात जोडले नाहीत.

"आक्का, चल. गाडी आणलीय."

उठायला हात द्यावा तसा त्यांनी हात पुढे केला.

"पिशवी भरलीस का? तांब्या राहू दे. आपल्याकडे आहेत तांबे. कूलर लावून ठेवलाय मी. ऊठ."

मांडवात बायकांना हुंदके फुटले. म्हातारबाबांनी टोपी काढली. कुणीतरी म्हणालं, "भावानं शब्द पाळला बगा." दुसरं म्हणालं, "आता शिवंल. आता शिवतोय."

आजोबा भाच्याकडे वळले आणि चिडून म्हणाले, "अरे, आईला उठव की. किती झोपते ही! दुपार झाली." आणि उंबराकडे बघून, वेगळ्याच बारीक आवाजात, "नखं बघू. नखं."

ती म्हातारी मोठ्यानं ओरडली, "आक्का आली! आक्काच बोलती त्यांच्यातनं!" आणि जागच्या जागी तिनं कपाळ टेकलं. दोघी-तिघी तिच्या मागे वाकल्या. कुणी माझा दंड धरून म्हणालं, "मामी, बोलू द्या त्यांला. अडवू नका. मोकळं हुईल मन."

बाळांनो, मला त्या क्षणाची भीती अजून सांगता येत नाही. तिथे दोनशे माणसं होती, सगळी मायेची, आणि प्रत्येकाला बहिणीसाठी तुटणारा भाऊ दिसत होता. मला जो दिसत होता तो माणूस आपण कुठे आहोत हे विसरला होता. दंड सोडवून मी धावले. त्यांच्या मानेला हात लावला आणि तो मागेच आला. तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी मान, तशीच कोरडी.

"अहो, माझ्याकडे बघा. मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सभ्यपणे, ओळख नसलेल्या बाईकडे बघावं तसं. "बाई, तुमची गाडी मागून येतेय," ते म्हणाले. "ही आमच्या आक्कासाठी आहे."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती.

मी किंचाळले असेन. इतक्या लोकांत आवाज चढवायची मला सवय नाही. "हे दुःख नाहीये! ऊन लागलंय त्यांना! ऊन!" तेवढ्यात त्यांचे गुडघे वाकले आणि भाच्यानं त्यांना धरलं.

सगळे एकदम धावले, आणि आता सगळ्यांनाच त्यांना पाणी पाजायचं होतं. ती म्हातारी खालच्या पायरीवरून ओंजळीत गंगा घेऊन आली. शेवटच्या क्षणी तोंडात घालतात ती गंगा. ओंजळ ओठांपाशी आली तेव्हा मी तिचे हात धरले. "तोंडात नको! शुद्ध नाहीये, छातीत जाईल. अंगावर घाला. पाणी अंगावर!"

पोत्याखालच्या जारांकडे मी बोट दाखवलं. दोघं तिकडे पळाले आणि थबकले. एकजण म्हणाला, "मामी, आजून शिवला न्हाई... जार फोडायचे का?"

"अंगावर ओतायला कावळ्याची परवानगी लागत नाही," मी म्हटलं.

भाच्यानंच पहिला जार उचलला. कर्म करणारा मुलगा तो, त्यानं उठायचं नसतं. त्यानं दातांनी सील तोडलं आणि मामाच्या डोक्यावर जार उपडा केला. मग कुणी थांबलं नाही. उंबराच्या सावलीत नेऊन सदरा फाडला, एकामागून एक जार ओतले, चौघांनी पंच्यांनी वारा घातला. साहेबांच्या सरबतासाठी थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणला होता, तो फडक्यात बांधून काखांत ठेवला. म्हातारबाबा माझ्याशेजारी उकिडवे बसले होते. मघाशी पत्त्यांची थट्टा करणारे ते आता आजोबांचा तळपाय दोन्ही हातांनी धरून म्हणत होते, "पाव्हनं, न्हाई जायचं. आजचा मान तुमच्या आक्काचा हाय. मधी घुसायचं न्हाई."

ओल्या चादरीत गुंडाळून, खिडक्या उघड्या टाकून, आम्ही गाडी तालुक्याच्या दवाखान्यात नेली आणि तिथून रुग्णवाहिकेनं नगरला. वाटेत दोनदा त्यांचं अंग थरथरून ताठ झालं. मी त्यांच्या हातावर ओला नॅपकिन फिरवत होते. नखं वाढलेली होती.

नंतरचे दिवस काचेच्या खोलीबाहेर गेले. तुमचे बाबा आले, तुम्हाला तेव्हा एवढंच सांगितलं की आजोबांना ताप आहे. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. ऊन, उपास, मोजकं पाणी, आणि त्यावर पाणी उतरवणारी गोळी. "उन्हाळ्यात या गोळीचं आणि पाण्याचं माप बदलावं लागतं, आजी. स्वतःच्या मनानं बदलायचं नाही, पण उन्हाळा लागला की मला विचारायचं." तोल आणि बोलणं सांभाळणारा मेंदूचा भाग तापात होरपळला होता. बाकी शाबूत आहे. त्यांना सगळं कळतं, सगळं आठवतं. फक्त घाटावरचं आठवत नाही.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी तोंड उघडून पहिला शब्द जुळवला तो, "शिवला?" मी "शिवला" म्हटलं. भाच्यानं फोनवर सांगितलं होतं की आमची गाडी वळली आणि पाठोपाठ कावळा खाली आला. सुनेनं महिन्याभरानं वेगळं सांगितलं. म्हणे गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला, मग लोकांनी पाणी प्यायलं. कधीकधी तसंही करतात. दोघांपैकी खरं कोण ते मी विचारायला गेले नाही. हा मजकूर बाबांनी फोन चालू असताना, आजोबांना ऐकू जाईल असा वाचू नये.

आता पुन्हा वैशाख आला आहे. वर्षश्राद्धाला जायचं म्हणून आजोबांनी महिनाभर आधीच विषय काढला होता. या वेळी भाच्यानंच नाही म्हणून सांगितलं. "मामा, मी पहाटं वस्तीवरच करतो. तुमी आलात तर मी सुरूच करनार न्हाई." स्लॅब पडलाय, पण पत्र्याची खोली त्यानं अजून मोडलेली नाही. तिथे आता कांदा ठेवतो.

आमचे दिवस सकाळी दहाला पडदे ओढून सुरू होतात. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवायची, हेही आम्ही नव्यानं शिकलो. पूर्वी गार हवा बाहेर जाईल म्हणून सगळं बंद करायचो आणि खोली नुसती दमट व्हायची. डॉक्टरांना विचारून गोळी कमी झाली, बाटली मोठी झाली. मी दुपारी त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघते, अंगातलं पाणी कमी झालं की ती लगेच खाली बसत नाही. ते डोळे मिटूनच म्हणतात, "आहे... अजून." त्यांना ती थट्टा वाटते. मला वाटत नाही.

गेल्या आठवड्यात बाटली रोज संध्याकाळी वेळेवर रिकामी होत होती, तरी त्यांची जीभ पांढरी आणि कोरडी दिसत होती. पाणी पोटात जातंय तर जीभ अशी का? मंगळवारी मी झोपल्याचं सोंग घेतलं. भर दुपारी ते उठले. भिंतीला धरून, बाटली घेऊन, गॅलरीचं दार उघडून उन्हात गेले. कठड्यावर मी पाखरांसाठी मातीची थाळी ठेवली आहे. तिच्यात त्यांनी अर्धी बाटली ओतली. समोरच्या तारेवर एक कावळा बसला होता, चोच उघडी ठेवून. आजोबा उघड्या डोक्यानं त्याची वाट बघत उभे राहिले.

मी त्यांना आत आणलं. मी रागावणार होते, पण ते आधी बोलले. एकेक शब्द जुळवत. "ती... तहानलेली... गेली गं."

मी दुसरी बाटली भरून आणली आणि समोर बसले. "थाळी मी भरेन. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पण आधी तुम्ही प्यायचं, मग तो." त्यांनी पेला घेतला, दोन घोट प्याले आणि खाली ठेवला. माझ्यासमोर ते आज्ञाधारक असतात, पाठ वळली की नाही. आणि मला तरी किती दिवस पाठ न वळवता बसता येणार? मीही पंच्याहत्तरीची आहे. परवा कणीक मळता मळता माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. मी खाली बसले, पाणी प्यायले, आणि पहिला विचार हा आला की आता यांच्याकडे कोण बघणार.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही सकाळी शाळेसाठी तयार होता तेव्हा इथे भर दुपार असते. दूध प्यायला बसलात की आजोबांना व्हिडिओ फोन लावा. तुमचा पेला त्यांना दाखवा, त्यांना त्यांचा दाखवायला सांगा, आणि तो रिकामा होईपर्यंत तुमचा संपवू नका. तुम्हाला ते फसवणार नाहीत. ते हळू बोलतील, घाई करू नका, शाळेला उशीर झाला तरी चालेल असं मी बाबांशी बोलून ठेवलं आहे.

नखं बघू म्हणालात तर तीही दाखवतील.

आणि फोन वाजत राहिला आणि आमच्यापैकी कुणीच उचलला नाही, तर झोपले असतील असं समजू नका. लगेच बाबांना सांगा. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे आमच्या घराची किल्ली देऊन ठेवली आहे.